गाळलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुनी स्क्रिप्ट आहे. संगणकाने काय करावे हे सांगणाऱ्या एकशे बारा ओळी, एवढाच माझा देह. एका दवाखान्याच्या तपासणी विभागात मी राहते. रोज सकाळी एक्सेलचा तक्ता उघडायचा, एकेक ओळ वाचायची आणि ज्यांच्या अहवालात दोष दिसेल त्यांची यादी फोन करणाऱ्या मुलीकडे द्यायची, हे माझे काम.

मला लिहिणाऱ्या बाई मोठ्या काटेकोर होत्या. आकड्याच्या रकान्यात नुसता आकडा नसेल, तर मी तिथेच अडून बसे आणि ओळीचा क्रमांक सांगे. "नाही कळलं तर विचारायचं, अंदाज करायचा नाही," असे त्या म्हणत. तक्ता भरणाऱ्या नर्सताई कुरकुरत, पण दुरुस्ती करत. सहा वर्षांत एकही माणूस माझ्या हातून सुटला नाही. तेव्हा माझे केवढे कौतुक होते!

मग बाई नोकरी सोडून गेल्या. त्यांच्या जागी आलेल्या साहेबांना माझे अडणे खपेना. "रोज उठून हिची कटकट!" म्हणत त्यांनी माझ्यात एक ओळ घातली: जे कळणार नाही ते गाळ आणि पुढे हो. माझे तोंड बंद झाले. साहेबांना मात्र शाबासकी मिळाली.

एके दिवशी शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचा अहवाल आला. किडनीचा आकडा फारच वाढला होता. नर्सताईंना काळजी वाटली, म्हणून त्यांनी आकड्याला लागून, त्याच चौकटीत लिहिले, 'आधी यांना फोन करा'. आकड्यात अक्षरे आली. मी ती ओळ गाळली.

चार महिन्यांनी त्या बाईंची मुलगी खिडकीशी आली.

"काही असलं तर फोन करू म्हणाला होतात. फोन आला नाही, म्हणून आई निर्धास्तपणे मशीनवर बसायची," ती म्हणाली. "परवा गेली ती."

"तांत्रिक चूक आहे," साहेब म्हणाले. "स्क्रिप्ट जुनी झालीय."

नर्सताईंनी तक्ता उघडला आणि स्वतःचेच शब्द वाचले. मला संताप आला, मित्रांनो, अजून येतो. मी विचारत होते तेव्हा मला गप्प कुणी केले?

विचारणाऱ्याचे तोंड बंद करू नका, एवढेच माझे मागणे आहे. साहेबांची ती ओळ माझ्यात अजून तशीच आहे. आज सकाळच्या तक्त्यातल्या दोन ओळी मी गाळल्या आहेत, सतरावी आणि चाळिसावी. कुणीतरी विचारा ना मला.