उपरण्याखालची मोटार

“हॉर्न वाजवू का?” उकंडरावांनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता वाजवला.

दयारामशेठच्या खामगावच्या आवारातली कबुतरं उडाली. फाटकाशी बांधलेले दोन पांढरे बैल दचकले. त्यांच्यापाशी उभ्या असलेल्या इंद्रभानच्या मनात आलं, हजार रुपये वाढले. गिऱ्हाइकानं माल हाताळला की भाव वाढतो, आणि मालक तर मोटारीच्या आत जाऊन बसले होते. नुसते बसले नव्हते, ते हसत होते.

हे बैल उकंडरावांच्या दमणीचे होते. दमणी म्हणजे सवारीची हलकी, छपराची, पडद्यांची बैलगाडी. पिंपळगाव राजाहून उकंडराव लग्नाला, बाजाराला, कोर्टाला जिथं कुठं गेले, तिथं त्यांना इंद्रभाननं दमणीतून नेलं होतं. लग्नाच्या मांडवात त्याला वऱ्हाडाबरोबर चहा मिळे. गावातले बाकीचे गडी त्याला ‘इंद्रभानभाऊ’ म्हणत, आणि तो त्यांना काही म्हणत नसे. त्याला फेटा रोज धुतलेला लागे. त्यावरून त्याची बायको रुक्मिणीबाई त्याला रोज बोलत असे, आणि रोज धुऊन देत असे.

मोटारीचं खूळ निघालं ते बुलढाण्याच्या सभेपासून. नवीन राज्य झालं, पाठोपाठ पंचायत समित्या आल्या आणि उकंडराव निवडून आले. निवडून आलेल्या माणसाला बुलढाण्याला जावं लागतं, हे त्यांना आधी कुणी सांगितलं नव्हतं. दमणीनं घाट चढायचा तर सभा संपल्यावर पोचायचं, म्हणून ते एसटीनं गेले. मांडीवर कुणाचं तरी बोकड घेऊन गेले. त्यांचे विरोधक रंगराव जीपनं आले. त्या दिवशी रंगराव रस्त्यांच्या प्रश्नावर तासभर बोलले आणि उकंडरावांच्या धोतराला बोकडाचा वास येत होता. ठराव रंगरावांचा मंजूर झाला.

आज पहाटे खामगावच्या वाटेवर पडद्याआडून मालक म्हणाले होते, “इंद्रभान, मोटारीचा सौदा तूच करजो. बैल घेताना तुह्यासारखा भाव कोनी पाडत नाई.”

“मालक, मोटार आल्यावर या दमणीचं काय?”

“राहीन गोठ्यात. बैल नांगराले जुंपू.”

इंद्रभाननं कासरा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाला, “आन मी?”

“तुही बी सोय करू ना बे! मोटार धुवाले मानूस लागतेच.”

मालक हसले म्हणून इंद्रभानही हसला. पण तेव्हापासून त्याला बसल्या जागी बसवेना. डावा पाय दांडीवर टेकव, उजवा टेकव, फेटा सोड, पुन्हा बांध. खामगावच्या पहिल्या जिनिंगची चिमणी दिसली तेव्हा त्याचं ठरलं होतं. सौदा मोडायचा. मालकानं विश्वासानं सोपवलेला सौदा होता, आणि तोच मोडायचा होता.

दयारामशेठ पूर्वी याच आवारात बैल विकत. पाच-सहा वर्षांपूर्वी त्यांनी जुन्या मोटारी विकायला सुरुवात केली. धंदा बदलला, बोलणं तेच राहिलं. जमिनीतले खुंटही तसेच होते. मोटारी त्यांच्या मधोमध उभ्या करत.

“डॉक्टरची गाडी हाय, अकोल्याच्या,” शेठ म्हणाले. “एका हातची. फक्त बिमारायले पाहाले जाये.”

“मंग इकली काऊन?” इंद्रभाननं विचारलं.

“डॉक्टर वारले.”

“हिच्यात?”

“छे हो! घरी वारले. चांगले खाटेवर.”

इंद्रभाननं मोटारीला चक्कर मारली. तो वाकला, मागं जाऊन उभा राहिला, मान तिरपी करून पाहिलं. “मांगून बसते हे. आन डावा डोया बारीक हाय.”

“इंद्रभानभाऊ, मोटार हाय ते.”

“तेच म्हंतो. बैल असता तं इतकं सांगा लागलं नसतं. लोकायनं पाह्यलं असतं आन निंघून गेले असते.”

“तू चूप रे,” उकंडराव आतून म्हणाले. त्यांनी काच खाली केली, वर केली, पुन्हा खाली केली. “शेठ, कितीले?”

“दुसऱ्याले सात. तुमच्यासाठी साडेसा हजार.”

उकंडरावांनी तोंड उघडलं. त्या तोंडातून ‘सहा’ बाहेर पडणार हे इंद्रभानला दिसलं, आणि ते पडलं की सारं संपलं. तो दोन ढांगांत पुढं आला, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि शेठच्या हातावर टाकलं.

“शेठ, आपल्या रीतीनं.”

शेठच्या चेहऱ्यावर जुनं काहीतरी उमटलं. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली हात घालायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. आजूबाजूला शंभर माणसं उभी असोत, आकडा दोघांतच राहतो. बोटांनी दिलेला आकडा समोरच्यानं मूठ आवळून धरला की सौदा झाला. तो कुणी परत घेत नाही. परत घेणाऱ्याच्या उपरण्याखाली पुन्हा कुणी हात देत नाही.

इंद्रभाननं तीन बोटं दाबली, म्हणजे तीन हजार.

हा भाव नव्हता, अपमान होता. बाजारात अशा आकड्यावर विकणारा उपरणं भिरकावतो आणि समोरच्याच्या आजोबापासून सुरुवात करतो. इंद्रभान त्याचीच वाट पाहत होता. शेठनी फक्त आधी पाच बोटं दाबली, मग एक, म्हणजे सहा.

वरून रिवाजाप्रमाणं गप्पा सुरू झाल्या.

“पोरीचं लगन झालं का, इंद्रभानभाऊ?” साडेपाच.

“झालं ना, मांगच्या सालीच.” तीन.

“कोठी देली?” पाच.

“मलकापुराकडे.” तीन.

“बरे हायेत ना लोकं?” साडेचार. शेठच्या कपाळावर घाम आला होता.

“बरे हायेत. जावई थोडा हट्टी हाय.” तीन.

उकंडराव मोटारीतून उतरले, चढले, पुन्हा उतरले. “काय होऊन राह्यलं बे? जमलं का? कोठलोक आलं?”

शेठनी चार दाबली आणि डोळे मिटले.

इंद्रभाननं हात काढून घेतला आणि उपरणं खांद्यावर टाकलं. “नाई जमत, मालक. चाला.”

“असं कसं नाई जमत? थांब ना बे जरासा!”

“चाला म्हंतो ना. बसा दमनीत.”

त्यानं बैल सोडले, जुंपले, आणि जुंपताना त्यांच्याशी चक्क दोन शब्द बोलला. पहाटेपासून पहिल्यांदाच त्याचे पाय जागेवर होते. मालक चडफडत दमणीत चढले. इंद्रभाननं कासरा उचलला.

दयारामशेठनी उभ्या जन्मात उठून जाणारी खूप गिऱ्हाइकं पाहिली होती. उठून जाणारा फाटकापाशी पोचला की त्याची मान थोडी वळते. तेवढी वळली की शेठ पान लावायला घेत. पान लावून होईतो गिऱ्हाईक परत येई. इंद्रभानची मान वळली नाही. तो गेला तो गेलाच, आणि शिवाय खुशीत गेला. शेठ घाबरले. ती मोटार गेल्या दिवाळीपासून तिथं उभी होती. तिच्या मागच्या गादीवर एका कोंबडीनं अंडी घातली होती, आणि ती उबवूनही झाली होती.

शेठ रस्त्यावर पळत आले. धोतराचा सोगा एका हातात धरून त्यांनी दुसऱ्या हातानं इंद्रभानच्या खांद्यावरचं उपरणं त्याच्या हातावर ओढलं, त्याखाली त्याची तीन बोटं चाचपून काढली आणि मूठ आवळली.

दमणी थांबली.

उपरण्याखाली काय झालं ते कुणालाच दिसलं नव्हतं. ‘तीन नव्हे, दोन म्हटली होती,’ असं म्हणता आलं असतं. ‘तो आकडा आता गेला,’ असंही म्हणता आलं असतं. शेठ आपल्या आवारात परतले असते, बैल नांगराला गेले नसते. इंद्रभाननं समोर पाहिलं. खामगावचा रस्ता होता, सरकीची गाडी चालली होती. त्यानं हात हलवून पाहिला. मूठ घट्ट होती.

“मालक,” तो मागं न पाहता म्हणाला, “झाला सौदा.”

“आँ? कितीले?”

“तीन.”

पडदा फर्रकन बाजूला झाला. मग उकंडराव दमणीतून जवळजवळ पडलेच. “तीनले? साडेसाची तीनले? अरे, त्या रंगरावाची तं सेकंडहँड जीप बी—” त्यांनी इंद्रभानला मिठी मारली. इतक्या वर्षांत मारली नव्हती. इंद्रभानला हात कुठं ठेवावेत हे कळेना, म्हणून त्यानं ते कासऱ्यावरच ठेवले.

शेठ घाम पुसत म्हणाले, “येक सांग भाऊ. मोठेमोठे दलाल पाह्यले मी, पन असा नाई पाह्यला. तुले भेव नाई वाटलं, सौदा मोडन म्हून?”

“नाई, शेठ.”

“काऊन?”

“वाटलं असतं तं महाग पडली असती,” इंद्रभान म्हणाला.

शेठना ते फार आवडलं. पुढं कित्येक वर्षं ते ही गोष्ट नवशिक्या दलालांना सांगत, आणि प्रत्येक वेळी तिचा अर्थ चुकीचा सांगत.

शेठचा मेकॅनिक मोटार पोचवायला निघाला. उकंडराव मागं बसले. बसल्यावर त्यांना पाठीला काहीतरी कमी वाटलं. त्यांनी दमणीतला लोड मागवून घेतला, तो पाठीशी लावला आणि म्हणाले, “तू ये सावकाश. आता काय घाई हाय?”

मोटार एका झटक्यात सुरू झाली. इंद्रभानला त्याचंही वाईट वाटलं.

तो निघाला तेव्हा वाटेवर तिची धूळ अजून खाली बसली नव्हती. दमणीत धूळ जाऊ नये म्हणून त्यानं चारी पडदे नेहमीसारखे ओढून घेतले. आत कुणी नाही हे त्याच्या नंतर लक्षात आलं. पडदे त्यानं तसेच राहू दिले. हलकी दमणी बैलांनाही ओळखू येईना. ते मधूनच पळत, मधूनच थबकत.

ऊन कलल्यावर एका शेताच्या बांधावर बसलेला म्हातारा दमणी पाहून लगबगीनं उठला. त्यानं डोक्याचं मुंडासं नीट केलं, पायातल्या वहाणा बाजूला काढल्या आणि पडद्याकडे हात जोडले.

“राम राम, मालक!”

दमणी त्याच्या अगदी समोर आली. म्हातारा तसाच हात जोडून वाट पाहत उभा होता.

इंद्रभाननं कासरा आवळून बैलांना जरा सावकाश घेतलं. मान वळवली नाही. घसा साफ केला, आणि समोर पाहतच, आवाज थोडा जाड करून म्हणाला,

“राम राम.”

म्हातारा समाधानानं पुन्हा खाली बसला.