गोचिड्यांचा चिमटा

"बाहेर व्हा म्हटलं ना! आणि दार ओढून घ्या!"

आवाज असा सुटला की गोठ्यातल्या म्हशींनी वैरण चघळायचं थांबवून कान टवकारले. हळूबा एका हातात कोमट पाण्याची बादली आणि खांद्यावर टॉवेल घेऊन खाटेशी उभा होता. तो दोन पावलं मागं सरला, पण गेला नाही.

"अगं, अंग तरी पुसून घे. घामानं आंबलंय."

"आंबू दे. दही लागलं की तेही विका."

गावात तिला तोफ म्हणायचे. बारा महिने दारोदार दूध घालणारी बाई, नाकावर माशी बसू द्यायची नाही. दूध पातळ लागतं म्हणणाऱ्या एकाच्या सात पिढ्यांची साय तिनं भर रस्त्यात काढून दाखवली होती. नवरा अगदी उलटा. चालणं हळू, बोलणं हळू, म्हणून तो हळूबा. वैरण कापायची, शेण काढायचं आणि बायको बोलली की मान हलवायची, एवढाच त्याचा संसार.

पाऊस सरता सरता गोठ्यात चिखलाचं नुसतं लोणी झालं होतं. धार काढून तोफ उठत होती, तेवढ्यात थोरल्या म्हशीचा पाय घसरला आणि ती बाईला घेऊनच खांबावर आली. मणका मोडला. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पाठ उघडून तिचे मणके सळया आणि स्क्रूंनी एकमेकांना जखडले. डॉक्टरीणबाईनं बजावलं, "हाड जुळून येईपर्यंत वाकायचं नाही, कमरेत वळायचं नाही, काही उचलायचं नाही. कुशीवर व्हायचं तर ओंडका लोळवतात तसं, सगळं अंग एकदम."

ऐकायला सोपं वाटलं. पण न वाकता, न वळता माणसानं स्वतःला धुवायचं कसं, हे तिथं विचारायची तोफेला लाज वाटली आणि सांगायचं कुणाला सुचलं नाही.

आधी धाकटी बहीण येऊन राहिली. उठवणं, बसवणं, आंघोळ, मागचं-पुढचं सगळं तिनं केलं. पण तिच्या रानात पीक कापणीला आलं, तशी तिनं पिशवी भरली. जाताना म्हणाली, "आता दाजी आहेतच की."

ते एक वाक्य तोफेच्या डोक्यातून जाईना. एवढ्या वर्षांचा संसार, दोन लेकी नांदायला गेलेल्या. पण उजेडात नवऱ्यासमोर तिनं कधी केस मोकळे सोडले नव्हते. आणि आता त्यानं आपल्याला धुवायचं? ज्याला आपण चारचौघांत 'तुम्हाला मेलं काही जमत नाही' म्हणतो, त्यानं?

तिनं एक उपाय शोधला. खाल्लंच नाही तर जायला कशाला लागेल? भाकरीचे चार तुकडे करायची, त्यातले तीन उशाशी दडवायची. पाण्याचा तांब्या तोंडाला लावून तसाच खाली ठेवायची. ओठ तडकले, तोंडाला वास यायला लागला. घरात कुणी आलं की आपल्याच अंगाचा दर्प आपल्याला यायचा आणि ती तोंड भिंतीकडे करायची. तेही धड जमायचं नाही, कारण मान वळवली की पाठ ओढायची.

हळूबानं उशाखालचे तुकडे पाहिले. संध्याकाळी ताकाचं भांडं घेऊन समोर बसला.

"हे संपेपर्यंत मी उठणार नाही."

"बसा की. म्हशी उपाशी मरतील."

"मरू देत."

म्हशी मरू देत, हे हळूबाच्या तोंडून! तोफेनं मुकाट्यानं ताक प्यायलं. त्यावर गोळ्याही घेतल्या.

सकाळी तो दूध घेऊन गेला आणि पोटात कळ आली. तोफेनं ठरवलं, आत्ताच. तो यायच्या आत. ओंडक्यासारखी लोळून ती कुशीवर झाली, हाताच्या रेट्यानं उठून बसली, कमरेचा पट्टा आवळला आणि लोखंडी वॉकर टेकत अंगणात आली. ऊन चढत होतं. चिखल वाळून त्याची टणक ढेकळं झाली होती, वॉकर दर पावलाला अडखळत होता. संडासाच्या दारातून तो आत जाईना. तो बाहेरच सोडून, भिंत धरून ती आत गेली. सवयीनं कडी घातली आणि भोक पाडलेल्या उंच खुर्चीवर बसली.

बसणं झालं. पुढचं होईना. तिनं हात मागं नेला. तो पोचत नव्हता. जरा वळावं म्हणून खांदा फिरवला मात्र, पाठीत अशी वीज चमकली की डोळ्यांपुढं काजवे नाचले. हातातला पाण्याचा मग निसटला. झगा भरला, हात भरला. उठायला धरावं असं काही नव्हतं, आणि पुढं कडीपर्यंत वाकायची छाती नव्हती.

ती तशीच बसून राहिली. घाणीत. धरणीनं पोटात घ्यावं असं माणसं उगाच म्हणत नाहीत.

बाहेर हळूबाची सायकल वाजली. मग पावलं. घरात खाट रिकामी, संडासाच्या दारात वॉकर उभा.

"आत आहेस का?"

त्यानं दारावर थाप मारली.

"अगं, हूं तरी म्हण!"

"...जा तुम्ही."

"कडी काढ."

"निघत नाही," ती म्हणाली आणि तिच्या आवाजातला सगळा दारूगोळा संपला. "मी सगळं घाण केलंय."

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारची शिंपीण दुधाचा डबा घेऊन आली. हिच्याशी सांडपाण्यावरून तोफेचं गेल्या वर्षी कडाक्याचं भांडण झालेलं. आता दुधापुरतं बोलणं. आत तोफ कान देऊन ऐकत होती. हिला कळलं की दुपारच्या आत अख्ख्या गावात दवंडी.

"काय हो, काय झालं? बाई आत अडकल्या का?"

"नाही! बिजागरी गंजलीय, ती बदलतोय."

"मग आतून आवाज कुणाचा..."

"निघा तुम्ही!" हळूबा ओरडला. "दूध नंतर घरी आणून देतो. चला, निघा अंगणातून!"

हळूबाला ओरडताना तोफेनंही आजवर ऐकलं नव्हतं, आणि त्याला खोटं बोलता येतं हेही तिला ठाऊक नव्हतं.

शिंपीण गेल्याची खात्री करून त्यानं पक्कड आणली. बिजागरीच्या खिट्ट्या उपसल्या, दार उचलून बाजूला ठेवलं आणि त्याजागी घोंगडी टांगली. आत आला तो पाठमोरा.

"बघू नका."

"नाही बघत. हल्ली पहाटे अंधारात धारा मीच काढतो की. हाताला कळतं."

"म्हणजे मी म्हैस का?"

"म्हैस लाथ मारते," तो म्हणाला. "तू फक्त बोलतेस."

त्यानं कोमट पाण्यानं तिला धुतलं, घाई न करता, भिंतीकडे तोंड करून. तोफ डोळे घट्ट मिटून रडली. बरं वाटलं असं नाही. मेल्याहून मेल्यासारखं वाटलं. फक्त एक कळलं, की त्या हातांना तिची किळस आलेली नव्हती.

दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं. पुढं रोज हेच चाललं. ती खायला लागली, पाणी प्यायला लागली, पण त्या वेळी डोळे काही उघडायची नाही. तो पाठमोरा, ती डोळे मिटून. लाज कमी होईल म्हणून तिनं वाट पाहिली, झाली नाही. मग एक दिवस चुलीतला निखारा चिमट्यानं सारखा करताना तिनं त्याला पाहिलं आणि म्हणाली, "अहो, असाच, पण हातभर लांब आणि टोकाशी वाकडा चिमटा मिळेल का? टोकं बोथट हवीत. कापड धरता आलं पाहिजे."

हळूबाला उमगायला थोडा वेळ लागला. मग तो उठून लोहाराकडे गेला.

लोहार चौकस. "एवढा लांब कशाला रे?"

"म्हशीच्या गोचिड्या काढायला," हळूबा म्हणाला. आता त्याला खोट्याची सवय झाली होती.

चिमटा आला. ओलं फडकं टोकात धरून, पाठ ताठ ठेवून, तोफेनं पहिल्यांदा आपलं आपण केलं. वेळ लागला, दोनदा फडकं पडलं, पण केलं. बाहेर आली तेव्हा हळूबा घोंगडीपाशी बादली धरून उभाच होता. ती मान ताठ करून त्याच्यासमोरून वॉकर टेकत गेली. तो गालात हसला.

इकडे लोहारानं गोचिड्यांच्या चिमट्याची गोष्ट गावभर केली. ज्याच्या त्याच्या गोठ्यात तसला चिमटा गेला. लोक रस्त्यात हळूबाला थांबवून म्हणायचे, "डोकं चालवलंस गड्या!" आणि घरी येऊन तो हे सांगायला लागला की तोफ खाट धरून ओरडायची, "हसवू नका हो, पाठ ओढते!"

एका दुपारी शिंपीण दुधाला आली. हळूबा रानात होता. डबा भरून घेतला तरी ती उंबऱ्यातच घुटमळली. मग पिशवीतून तिनं तसलाच एक नवा चिमटा काढला.

"मीपण करून घेतला."

"बरं केलंत," तोफ चेहरा न हलू देता म्हणाली. "गोचिड्या फार झाल्यात यंदा."

शिंपीण खाली बघत राहिली. कान लाल झाले होते.

"माझ्याकडे कुठं आलीय म्हैस," ती हळूच म्हणाली. "डावा खांदा धरलाय माझा, मशीनवर बसून बसून. हात मागं जातच नाही. सुनेला सांगायचं म्हणजे... वर्ष होत आलं. त्या दिवशी तुमचा आवाज आला ना आतून, सगळं समजलं मला. मग हा चिमटा खरा कशाला, तेही. कुणाला बोलले नाही. कुठल्या तोंडानं बोलणार होते?"

तोफेला तिथून उठून आत निघून जावंसं वाटलं; पण उठायला वेळ लागतो, आणि तोवर ती समोरची बाई तशीच, हातात चिमटा घेऊन, खाली मान घालून उभी राहणार होती.

"बसा," ती म्हणाली. "दार लोटा आधी."

शिंपिणीनं दार लोटलं आणि खाटेच्या कडेला टेकली.

तोफेनं तिच्या हातातला चिमटा घेतला, टोकांवरून बोट फिरवून बघितलं. "बोथट आहे, चांगलं झालं. आता ऐका. फडकं जुनं घ्या, धुवून धुवून मऊ झालेलं. नवं कापड ओरखडतं."