जॅकच्या दांड्यापाशी

शेवटचा बोल्ट हट्टाला पेटला होता.

“ये की बाबा, किती भाव खातोस?” गाडीखाली उताणे पडलेले मिस्त्री त्याला म्हणाले आणि पान्याला हिसका दिला. बोल्ट सुटला. गाडीखाली शिरले की मिस्त्री नटबोल्टांशीही गप्पा मारत. घरात मात्र हल्ली बोलायला कुणी उरलं नव्हतं.

खरं तर सकाळीच मुलीचा फोन येऊन गेला होता. “बाबा, एकट्यानं गाडीखाली शिरायचं नाही हं. उद्या भंगारवाला येऊन नेईल ती. बंद गाडी किती दिवस उरावर ठेवणार?”

“आणि चालू झाली तर?”

“झाली तर ठेवा. पण होणार कशी? आई नाही आता.” ती बोलून गेली.

क्लचप्लेट गेली होती. ती बदलायची म्हणजे आधी गिअरबॉक्स उतरवायचा, आणि ते धूड उतरवणं एकट्यादुकट्याचं काम नव्हे. या घरच्या गॅरेजात ते दोघांनी मिळून केलेलं. मिस्त्री खाली जॅकवरच्या फळीवर गिअरबॉक्स तोलून धरत आणि बायको बाहेर स्टुलावर, जॅकच्या दांड्यापाशी बसे. ते म्हणायचे, “सोड.” ती म्हणायची, “सोडतेय.” मगच दांडा फिरायचा. उत्तर आल्याशिवाय कुणी हात हलवायचा नाही, हा नियम तिचाच. तिला पाना आणि पक्कड यांतला फरक शेवटपर्यंत कळला नाही, पण जॅक असा उतरवायची की गिअरबॉक्स झोपलेल्या पोरासारखा खाली यायचा. गाडीखालून मिस्त्रींना तिची फक्त पावलं दिसत. ती जमिनीला पोचत नसत, म्हणून स्टुलाच्या आडव्या पट्टीवर टेकवलेली असत.

गाडीही तीच चालवायची. मिस्त्री चालवायला बसले की रस्ता सोडून इंजिनाचा आवाज ऐकत बसायचे. चालवायची सीट अजून तिनं ओढली तशीच पार पुढे होती. भंगारवाल्याला त्याचं काय!

त्यांनी गिअरबॉक्स मागे ओढला. शाफ्ट सुटल्याचा ओळखीचा खट् आवाज झाला.

“सोड,” मिस्त्री म्हणाले आणि सवयीनं गिअरबॉक्स आपल्याकडे कलता केला.

उत्तर आलंच नाही, हे ध्यानात यायला जरा उशीर झाला. जॅक होता तिथंच राहिला. गिअरबॉक्स जॅकवरच्या फळीवरून घसरला आणि अर्धा फळीच्या काठावर, अर्धा त्यांच्या हातांवर अडकला, बरोब्बर छातीच्या वर. हात काढावे तर बरगड्यांचा चुरा. जॅक कुणी हळूच उतरवला, तरच गिअरबॉक्स शेजारच्या जुन्या टायरवर सरकवता आला असता. पण दांडा पायांच्याही पलीकडे होता, आणि ओरडायची लाज वाटत होती. तेलाचा रिकामा डबा पायाशी लागला. मिस्त्री त्यालाच लाथा घालू लागले.

पलीकडच्या घरातले निवृत्त साहेब आयुष्यभर या ठोकाठोकीवर तक्रारी करत आले होते. नवराबायकोनं त्यांचं नाव सायलेन्सर ठेवलं होतं. ते तणतणत दारात आले.

“अहो मिस्त्री, सुट्टीच्या दिवशी तरी कानांना विश्रांती द्या!”

“आत या आधी. उपकार होतील.”

सायलेन्सर वाकले आणि त्यांचा चेहरा उतरला. “अरे देवा! ॲम्ब्युलन्स बोलवू?”

“नको. त्या स्टुलावर बसा. मी सांगितलं की दांडा डावीकडे फिरवायचा, अगदी केसभर. हं, सोडा.”

दांडा करकरला.

“थांबा!” मिस्त्री किंचाळले. “आधी म्हणायचं, सोडतोय. त्याशिवाय फिरवायचं नाही.”

“बरं बरं.” सायलेन्सरनी घसा खाकरला. “सोडतोय.”

जॅक धक्के खात खाली आला. मिस्त्रींनी गिअरबॉक्स कसाबसा टायरवर सरकवला. हात मोकळे झाले, पण मिस्त्री बाहेर येईनात.

“लागलं का हो कुठं?”

“नाही.”

“मग या की बाहेर.”

“येतो. तुम्ही जरा बसा तिथंच.”

सायलेन्सर बसून राहिले. गाडीखालून त्यांच्या चपला दिसत होत्या, जमिनीवर भक्कम टेकलेल्या. स्टुलाची आडवी पट्टी रिकामी होती.