बैठक भत्ता

दुष्काळाचं तिसरं वर्ष होतं. पंचायत समितीच्या मासिक सभेत सभापती विठ्ठलरावांनी ठराव मांडला, की सगळ्या सदस्यांनी वर्षभराचा बैठक भत्ता दुष्काळ निधीला द्यावा. विठ्ठलराव साखर कारखान्याचेही संचालक होते. फोटो काढायला पत्रकार आधीच येऊन बसला होता.

"आपण सेवेला आलोत, पगाराला न्हाई," विठ्ठलराव म्हणाले. भराभर हात वर झाले.

जाईबाईचा हात मांडीवरच राहिला. भीमनगरातली ही ऊसतोडीची बाई राखीव जागेवर निवडून आली होती. सभा चुकू नये म्हणून तिनं कोयता सोडून रोजगार हमीचं काम धरलं होतं. सभेच्या दिवशी तिथंही खाडा पडून मजुरी बुडायची, वर एसटीचं तिकीट. भत्त्यात तेवढं कसंबसं भागायचं.

तिनं बाजूला पाहिलं. शेजारच्या गणातून निवडून आलेला म्हाळू धनगरही हात वर करून बसला होता. चारा नाही म्हणून त्यानं शेवटची मेंढरं नेकनूरच्या बाजारात विकली होती. आज त्याचं तिकीट तिनंच काढलं होतं.

"जाईबाई, दुष्काळग्रस्तांना मदत करायची न्हाई का?" विठ्ठलराव हसले.

ती ताडकन उठली. "सभापतीसाहेब, तुमी कारखान्याच्या गाडीत आलाव. डिझेल कारखान्याचं, डायवर कारखान्याचा. ती गाडी देताव का निधीला?"

"विषय भत्त्याचा हाय."

"म्या बी तेच म्हणते! भत्ता गेला तर हितं कोण येईल? ज्याच्या दारात गाडी हाय, त्योच. तुमाला लागत न्हाई म्हणून दान करताव. आमच्या पोटातलं काढून पेपरात नाव तुमचं!"

ठराव मंजूर झाला. तिनं आपला विरोध नोंदवायला लावला. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'दुष्काळ निधीला सदस्येचा नकार'. पाण्याच्या रांगेत बायका तिच्याकडं बघून कुजबुजायला लागल्या.

"लोक लई बोलायलेत," नवरा शहादेव म्हणाला. "द्यायचा व्हता."

"माझा खाडा तू भरणार का?" तिनं विचारलं.

पुढच्या सभेला म्हाळू एसटी पकडायला फाट्यावर आलाच नाही. त्याच सभेत टँकरच्या फेऱ्या ठरायच्या होत्या. जाईबाई घसा फोडून भांडली. तरी तिच्या आणि म्हाळूच्या गणातल्या वाड्यांच्या फेऱ्या कापून सभापतींच्या गणातल्या जनावरांच्या छावणीला गेल्या. फक्त एक मत कमी पडलं.

ती एसटीतून उतरली ती थेट म्हाळूच्या दारात.

"आक्का, तिकिटाला पैसे न्हवते," तो खाली मान घालून म्हणाला. "तुला किती बार मागू?"

"मंग त्या दिशी हात कावून वर केलास?"

"समदेच करत व्हते. फोटो काढायलते."

म्हाळूची बायको सत्यभामा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. जाईबाईनं तो घेतला नाही.

"ठिव तसाच झाकून," ती म्हणाली. "उद्या टँकर न्हाई. कावून न्हाई, ते ह्याला इचार."