पहिल्या रांगेतल्या सासूबाई

विभागीय साहित्य संमेलनातून कथावाचनाचं निमंत्रण आलं तेव्हा घरात सगळ्यांना आनंद झाला, जिला ते आलं ती धाकटी सून सोडून. संयोजकांनी निवडलेली कथा तिच्या सासूबाईंवर होती आणि सासूबाईंनी जाहीर केलं होतं, "मी येणार. पहिल्या रांगेत बसणार. मागून मला काही ऐकू येत नाही."

धाकटी विमा कंपनीत दावे तपासायची. दिसेल ते लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही, ही नोकरीतली सवय तिनं कथेतही पाळली होती आणि तिथंच घात झाला. कथेतली सासू भांडणात हरायला लागली की आडवी होऊन रक्तदाबाचं मशीन मागवायची. आकडा येईपर्यंत समोरचा गप्प, आणि आकडा कितीही आला तरी भांडण जिंकलेलं. कथा ज्या मासिकात आली, ते त्याचे संपादकही पूर्ण वाचत नसावेत असा तिचा अंदाज होता. त्या भरवशावर तिनं हात सैल सोडला होता.

थोरल्या सुनेनं एकदा पाहुण्यांदेखत म्हटलं होतं, "आईंची तब्येत सोयीनं बिघडते." तेव्हापासून सासूबाई तिच्याशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. तिचा फोन आला की उचलून सोफ्यावर ठेवून देत. थोरलीनं एक वाक्य उच्चारलं होतं. धाकटीनं पानंच्या पानं भरली होती. आणि धाकटीला सासूबाई हव्या होत्या. ऑफिसातून आल्यावर तिची गाऱ्हाणी मन लावून ऐकणारं घरात दुसरं कोणी नव्हतं.

"दुसरी कथा वाच की," नवरा मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला.

"पत्रिकेत कथेचं नाव छापलंय."

"मग आजारी पड."

"या घरात ते खातं आधीच दिलेलं आहे."

संमेलनाच्या दिवशी सासूबाई सभागृहात शिरल्या त्या थेट अध्यक्षांशेजारच्या खुर्चीत. "आजी, ही राखीव आहे," एक कार्यकर्ता म्हणाला. "मग राखायला मी बसलेय," त्या म्हणाल्या. तो गेला.

धाकटी माइकसमोर उभी राहिली. कागदावर होतं, "माझ्या सासूबाई". समोर पाहिलं तर त्याच. तोंडातून निघालं, "माझे सासरे." एकदा निघालं ते निघालं. पुढची सगळी कथा तिला सासऱ्यांच्या गळ्यात मारावी लागली. सुरुवात निभावली. मग सासरेबुवा मैत्रिणींशी दुपारभर फोनवर बोलले, केसांतल्या पिना काढून त्यांनी उशाशी ठेवल्या, आणि पहिलं बाळंतपण किती जड गेलं ते सांगताना डोळे पुसले.

अध्यक्षांना राहवलं नाही. ते तिथल्या तिथे उभे राहिले. "स्त्री-पुरुष भेदाच्या पार गेलेला हा वृद्ध! असा सासरा आपल्या कथेत आजवर आला नव्हता." हे मात्र अध्यक्ष खरं बोलले. टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेत एका व्यक्तीनं टाळी वाजवली नाही.

बाहेरच्या व्हरांड्यात धाकटीनं त्यांना गाठलं. "आई, चहा आणू?"

सासूबाईंनी चालायचा वेग वाढवला.

"आई, बोला ना काहीतरी."

"काय बोलू? माझी जागा त्या म्हाताऱ्याला दिलीस!"

"म्हणजे... तुम्ही वाचलीय?"

"मासिक घरीच येतं ना? पाकीट मीच फोडते. सकाळच्या फिरायच्या बायकांना मोठ्यानं वाचून दाखवली. दोघी-तिघींना वाटलं, आपल्यावरच आहे! चांगलं खडसावलं. म्हटलं, तुमच्याकडे मशीन तरी आहे का? आज त्यांना आणणार होते. आणलं नाही ते बरं. नाचक्की झाली असती माझी."

"राग नाही आला?"

"आला ना. वाचल्या वाचल्या मशीन लावून बघितलं. काही निघालं नाही. मग परत वाचली, तेव्हा हसू आलं."

"पण जाऊबाईंनी एवढंसं म्हटलं तर..."

"तिनं टोमणा मारला. एका वाक्यात मला उडवलं." सासूबाईंनी पर्सची चेन उघडली, बंद केली. "तू कसं, मला बसवलंस, बोलू दिलंस. बाळंतपणाचं कोण लिहितं गं? माझ्या लेकानं तरी कधी विचारलंय?"

धाकटी धप्पकन बाकावर बसली. तिला आधी हसू आलं, मग नाक पुसावं लागलं, मग पुन्हा हसू.

"दात काय काढतेस? ते अध्यक्ष चालले बघ."

जेवणाच्या टेबलांकडे निघालेल्या अध्यक्षांना सासूबाईंनी हातानं थोपवलं. "अहो, तो सासरा-बिसरा काही खरा नाही हं. ती मी."

अध्यक्षांनी एकदा सुनेकडे, एकदा सासूकडे पाहिलं. "पण सासरे..."

"ते केव्हाच गेले बिचारे. त्यांना कधी साधी सर्दीसुद्धा झाली नाही. या, बसा, नीट सांगते. हिनं फारच थोडक्यात आवरलंय."

अध्यक्ष बसले. धाकटी ताटं घेऊन परत आली तोवर गोष्ट जेमतेम पहिल्या दुखण्यापर्यंत आली होती. अध्यक्षांनी तिच्याकडे बुडत्या माणसासारखं पाहिलं. तिनं त्यांचं ताट त्यांच्यासमोर ठेवलं, आपलं घेऊन पलीकडच्या टेबलावर गेली, आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवली.