चेलेमच्या सुट्टीतला ढिला झुला

मी एक झुला बोलतोय. फळीचा नव्हे, साखळ्यांचाही नव्हे. सुती दोऱ्यांच्या जाळीचा, समोरासमोरच्या भिंतींतल्या कड्यांना दोरांनी टांगलेला. स्वभावाने गर्विष्ठ आहे, हे आधीच सांगून टाकतो. तसंही ते लपत नाही.

माझा जन्म तिश्कोकोब गावचा. एका बाईंनी घरचं सगळं उरकून, दीड महिना चौकटीवर मला विणलं. विल्बर्थ पेच यांनी लग्नाच्या वर्षी मला घेतलं. सव्वीस वर्षं मी मेरिदा शहरातल्या त्यांच्या घरात आहे. दर जुलैत सगळं कुटुंब चेलेमच्या किनाऱ्यावर भाड्याचं घर घेतं. तिथे जो तो आपापला झुला घेऊन येतो. भिंतीत कड्या असल्या की झालं.

यंदा माणसं चौदा, कुत्री चार. सकाळी तळलेले मासे, दुपारी लोटेरियाचा, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांचा डाव, उरलेल्या वेळात झोप. कुत्र्यांचंही तेच, डाव तेवढा वगळून. बोश हा काळा कुत्रा माझ्या खाली झोपायचा आणि मधूनच माझ्या बुडाला पाठ घासायचा. मी ते प्रेम समजत होतो. त्याला खाज होती.

यंदा विल्बर्थमामा माझ्यातून उठेनातच.

"मामा, समुद्र तरी बघायला या!" भाची यास्मीन ओरडायची.

"इथून ऐकू येतोय की."

"निदान जेवायला तरी उठा."

"ताटाला पाय नाहीत, तुला आहेत. आण इकडे."

"कुत्रीसुद्धा भुंकायला उठतात हो, मामा!"

सगळे हसायचे, मामाही. मी तर फुगून गेलो होतो. काय माझी वीण, काय माझी ऊब! माझ्यातून माणसाचा पाय निघत नाही, असा माझा समज.

चौथ्या दिवशी दुपारी सगळे पाण्यात गेले. मामांनी हळूच एक पाय खाली सोडला, माझी कड धरली आणि जोर लावला. उजवा गुडघा थरथरला, मामा परत माझ्यात. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी बोशच्या पाठीवर हात टेकला, तर बोश उठून चालता झाला.

"कळलं तर पुढच्या वर्षी आणणार नाहीत रे मला," मामा त्याच्या शेपटीकडे बघत म्हणाले. मुलाने बजावलंच होतं, गुडघा असाच राहिला तर सुट्टी मेरिदात, पलंगावर.

म्हणजे चार दिवस ते माझ्या प्रेमात नव्हते. अडकले होते.

दारात त्यांची धाकटी बहीण नीदिया उभी होती, विसरलेला टॉवेल न्यायला आलेली. मामांनी तिला पाहिलं नाही. ती पाऊल न वाजवता परत गेली.

पेच मंडळी झुला खालीच टांगतात. पायाच्या अंगठ्याने फरशी ढकलली की झोका मिळाला पाहिजे, हा त्यांचा बाणा. संध्याकाळी सगळ्यांदेखत नीदिया कडाडली, "हा झुला बघा किती ढिला झालाय! जमिनीला टेकतोय. कुत्री घासून घासून चिंध्या करतील. दादा, दे हात, ऊठ."

"नीदिया, माझ्या झुल्याला हात लावायचा नाही."

"झुल्याला बोलतेय मी. तू गप्प बस."

तिने मामांना ओढून उठवलं आणि दोन्हीकडचे दोर चांगले वीतभर वर घेऊन बांधले.

माझा संताप झाला. सव्वीस वर्षांत माझा एक फेर सैल पडलेला नाही! पण झुल्याचं कोण ऐकतो?

सकाळी मामा माझ्या कडेवरून पाय खाली सोडून बसले. आता पायांचे तळवे फरशीवर सपाट टेकले. गुडघ्यांवर हात, एक हुंकार, आणि ते उभे! चारही कुत्री शेपट्या हलवत धावली.

"मामा उठले!" यास्मीन म्हणाली. "उगाच उठलात, मासे संपले."

"समुद्र तर नाही ना संपला?" म्हणत मामा कुत्र्यांमागून वाळूत उतरले.

नीदिया कांदा चिरत होती. तिने मान वर केली नाही.

आज मला गुंडाळून पोत्यात भरलंय. कुटुंबात माझं नाव आता 'ढिला' पडलंय. यास्मीनने तर ते पोत्यावर लिहूनही टाकलंय. असू दे. माझी एवढीच विनवणी आहे, मला हवं ते म्हणा. पण पुढच्या जुलैत मला कड्यांना बांधायचे दोर नीदियाबाईंच्याच हातात द्या.