एकास चोवीस

ट्रकची चासी वाळली त्या दुपारी आमचं लोखंडी कपाट सव्वाआठ सेंटिमीटरचं झालं. मी पट्टी लावून मोजलं. मूळची उंची साडेसहा फूट, म्हणजे बरोबर चोविसावा हिस्सा. नखाने दार उघडलं तर आत कुंदाच्या साड्या होत्या, घड्या जशाच्या तशा. डांबरगोळ्यांचा वासही आला, पण अगदी पुसट.

मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. उभा जन्म दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेला. त्यामुळे कपाट लहान झालं याचं मला विशेष वाटलं नाही. माप चुकलं असतं तर वाटलं असतं.

ट्रकचं किट मुलीने पाठवलं होतं. ऋचा परदेशात असते. ‘बाबा, हाताला काम राहील,’ असं म्हणाली. खोक्यावर एकास चोवीस असं माप लिहिलेलं होतं, लांब नाकाच्या परदेशी ट्रकचं चित्र होतं आणि खिडकीतून कोपर बाहेर काढलेला एक मिशाळ ड्रायव्हर होता. आत ड्रायव्हर नव्हता. आत नुसत्या प्लॅस्टिकच्या चौकटी होत्या आणि त्यांना शेकड्यांनी भाग चिकटलेले होते. एकेक भाग कटरने कापायचा, त्याचं टोक पॉलिश पेपरने घासायचं, चिमट्यात धरून गोंद लावायचा. काही भाग तांदळाच्या कणीएवढे. असा एक चिमट्यातून उडाला तेव्हा त्याच्यामागे मी सगळं घर रांगत फिरलो. नवशिक्यांनी हात लावू नये असं खोक्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. ऋचाने ते वाचलं नसावं, किंवा वाचूनच पाठवलं असावं. आईवर गेली आहे ती.

कुंदा श्रावणात पुढे गेली. दर बदलीला तीच पुढे जायची. हिंगोली, चिपळूण, नंदुरबार, करमाळा आणि शेवटी हे कराड. ती ऋचाला घेऊन एसटीने निघायची, मांडीवर देव आणि दुधाचं पातेलं, कारण नव्या घरात गेल्या गेल्या दूध उतू घालवायचं असे. मी मागून सामानाच्या ट्रकमधून. ड्रायव्हरच्या डावीकडे, खिडकीपाशी, मांडीवर भिंतीवरचं घड्याळ घेऊन. घड्याळाच्या बाबतीत तिचा ट्रकवर भरवसा नव्हता. मी पोचेपर्यंत ती रिकाम्या घरात फरशीवर बसून राहायची, आणि गाडीची वेळ झाली की रस्त्यावर येऊन हात वर करून उभी असायची, म्हणजे ड्रायव्हरला घर कळावं. या वेळी मात्र ती हातात काहीही न घेता गेली. लोक आले, सतरंजीवर बसले, आणि जाताना एकानेही ‘येतो’ म्हटलं नाही.

कपाट लहान झालं त्याच दुपारी फोन वाजला. त्याची लाइन केव्हाच बंद झाली होती आणि तार गुंडाळून मी फोनवरच ठेवली होती.

“निघालात का?” कुंदाने विचारलं.

“अजून नुसती चासी झाली आहे.”

“इथं बसायला चटईसुद्धा नाही हो. फरशी गार आहे.”

“शेजारी माग की.”

“शेजारी आहेत. पण त्यांचंही सामान यायचंय. सगळ्यांचंच यायचंय.”

“जेवलीस का?”

“शेगडी तुमच्याकडे आहे,” ती म्हणाली. “दूध उतू घालवायचं पण राहिलंय. घाई करू नका, नाहीतर नेहमीसारखं काहीतरी उलटं कराल. पण करा.”

मी फोन ठेवला. मला फार एकटं वाटत होतं. पण त्याहून जास्त हे वाटत होतं की ती तिथे गार फरशीवर बसली आहे आणि सगळं घर इथे माझ्यापाशी आहे. ट्रक पुरा झाल्याशिवाय ते पोचणार नव्हतं.

पहिली चूक लगेच कळली. सपाट काचेच्या तुकड्यावर ठेवून पाहिलं तर पुढचं डावं चाक हवेत राहत होतं. चासीला पीळ बसला होता, केसाएवढा. दुसऱ्या कुणी चालवून घेतलं असतं, पण डुगडुगणाऱ्या गाडीतून कुंदाचं सामान पाठवायला माझं मन होईना. मी सांध्यात ब्लेड घालून चासी मोडली. त्याबरोबर कपाट पुन्हा साडेसहा फूट झालं. ते टेबलावर होतं.

खालच्या मजल्यावरचे तांबट वर आले. ते सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, आणि आवाज झाला की येतातच.

“काय पडलं हो काका?”

“कपाट.”

“कशावरून?”

“टेबलावरून.”

त्यांनी टेबलाचे मोडलेले पाय पाहिले. “टेबलावर कपाट कशाला चढवलंत?”

“तेव्हा लहान होतं.”

“बरं,” तांबट म्हणाले. श्रावणापासून मला सगळेच ‘बरं’ म्हणतात.

त्यानंतर मी जमिनीवर बसून काम करायला लागलो. त्यातही एक भानगड होती. आमच्या घराच्या फरशीचा उतार मोरीकडे नसून दाराकडे आहे. कुंदा फरशी पुसताना बिल्डरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. चाकं बसवलेली चासी खाली ठेवली की दाराकडे चालू लागायची, म्हणून तिच्यापुढे मला चष्म्याचं घर आडवं ठेवावं लागे.

दुसऱ्या वेळी मी पीळ काढायचा उपाय शोधला. पुस्तिकेप्रमाणे पुढची चाकं वळती ठेवायची होती, म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की चाकं फिरतील. पण त्या हलत्या सांध्यांमुळेच चाक उचललं जात होतं. मी ते सगळे सांधे पक्के चिकटवून टाकले, स्टिअरिंगसकट. आता सगळी चाकं काचेला टेकली. स्टिअरिंग डावीकडे होतं, परदेशी गाड्यांचं असतं तसं. चित्रात डावीकडे होतं म्हणून मी डावीकडे बसवलं. ठरवून दिलेलं बदलायची मला सवय नाही. आणि मला गाडीतलं कळतं तरी काय, सायकलपलीकडे मी काही चालवलेलं नाही. ‘यांना फक्त तराजू चालवता येतो,’ असं कुंदा चारचौघांत सांगायची आणि स्वतःच हसायची.

चासी वाळली, कपाट लहान झालं. इंजिन वाळलं तेव्हा दिवाण लहान झाला. केबिनचा सांगाडा उभा राहिल्यावर शेगडी आणि सिलिंडर. धुराड्याच्या दोन नळ्या बसवल्या तेव्हा शिवणयंत्र. त्याचं पायडल मी करंगळीने हलवून पाहिलं, सुई खालीवर झाली. मागचा हौदा तयार झाल्यावर गाद्या, पाट, डबे, पातेली सगळी एकदमच मापात आली आणि स्वयंपाकघरात नुसता ओटा राहिला.

कुंदा फोनवरून सांगत होती तसं मी भरत गेलो.

“कपाट आडवं ठेवा. आरशाची बाजू गादीकडे.”

“ठेवलं.”

“दुधाचं पातेलं वर ठेवा, पटकन सापडेल असं.”

“ठेवलं.”

“बांधलंत कशानं?”

“सुतळी जाड होते. शिवायच्या दोऱ्यानं बांधलं.”

“माझ्या लाल रिळाचा नाही ना घेतला?”

लाल रिळाचाच घेतला होता. तिने ओळखलं. ती हसली. ते हसणं ऐकून मला दोऱ्याची गाठ दिसेना.

घर रिकामं होत गेलं तसा माझाच खोकला मला परत ऐकू येऊ लागला. झोपायला काही नव्हतं. मीही फरशीवर पडू लागलो. ती इथेही गारच होती, आणि एका परीने ते बरं वाटायचं. तिच्याकडे काही नव्हतं, माझ्याकडे काही नव्हतं, मध्ये एक गाडी होती.

तांबट एकदा दारातून डोकावले. “सामान गेलं सगळं?”

“भरलं.”

“मग तुम्ही कधी?”

“गाडीबरोबर.”

“बरं. म्हणजे लोकांना जागा दाखवायला हरकत नाही,” ते म्हणाले. हे बोलताना ते माझ्या डोक्यावरून भिंतीकडे पाहत होते.

हौद्यावर छप्पर चिकटवायच्या आधी कुंदाचा फोन आला. आता कामाच्या बारीकसारीक वस्तू सोडल्या तर घरात फोन, घड्याळ आणि मी एवढेच मोठे उरलो होतो.

“ड्रायव्हर बरा आहे ना?” तिने विचारलं. “करमाळ्याच्या वेळचा कसा होता, वाटेत उतरून झोपलाच होता.”

“अजून आला नाही. येईल. आयत्या वेळी येतोच.”

आजवर कधी ड्रायव्हर आला नाही असं झालेलं नव्हतं. आपण सामान भरायचं, मागचा फाळका लावायचा, की तो पान खात कुठून तरी उगवतो.

“बरं, मी रस्त्यावर येऊन थांबते,” ती म्हणाली. “हात दाखवते. इथली सगळी घरं सारखीच आहेत, चुकाल.”

“ऊन आहे का तिकडे? डोक्यावर पदर घे.”

ती काय म्हणाली ते कळलं नाही. बाजूचे आरसे मी सकाळी चिकटवले होते, ते तेवढ्यात वाळले, आणि माझ्या हातातला फोन हरभऱ्याच्या डाळीएवढा झाला. तो कानाशी धरला. आत काहीतरी चालू होतं, पण मुंगी बोलली तर ऐकू येईल तेवढंच. घड्याळही लहान झालं होतं. फोन मी गाद्यांच्या मध्ये ठेवला, घड्याळ केबिनमध्ये, आणि छप्पर लावलं.

राहिली पुढची काच. पारदर्शक भागांना वेगळा, पांढरा गोंद लावायचा असतो, हे मला माहीत होतं. पण तो गोंद केव्हाच संपला होता. मी हाताशी असलेला लावला, आणि काचेवर धुकं चढलं. एका बाजूलाच, स्टिअरिंगच्या पुढे. ओल्या फडक्याने पुसलं, कोरड्याने पुसलं. ते काचेच्या अंगातच होतं. दुसरी काच किटमध्ये नव्हती. ड्रायव्हर काढेल वाट, असं मी स्वतःला सांगितलं.

गाडी पूजेशिवाय निघत नाही. ओट्यावर सांडून राहिलेल्या साबुदाण्याच्या दाण्यांना तिथलीच हळद लावून मी लिंबं म्हणून एकेक पुढच्या चाकांखाली ठेवला. एकास चोवीसच्या हिशोबात लिंबं जरा मोठी झाली, पण चष्म्याचं घर काढल्यावर गाडी त्यांच्यावर थबकून राहिली. मग मी भिंतीला टेकून काच वाळायची वाट पाहू लागलो. भीती एकच होती, की मी सामानात धरला जाणार नाही. एवढं सगळं घर जाईल आणि मी इथे या मापाचा राहीन.

काच वाळली. फरशी हळूच वर आली, छत लांब गेलं, आणि ट्रक माझ्यासमोर उभा राहिला, खराखुरा, लाल, गोंदाच्या वासाचा. मी केबिनच्या दाराला हात लावला. माझा खांदा बरोबर दाराच्या खालच्या कडेशी येत होता. मला इतकं हायसं वाटलं की मी तिथेच खाली बसलो.

तेवढ्यात दाराला किल्ली लागली. तांबटांच्या चपला आत आल्या, त्यांच्यामागून एका बाईच्या. खाली टेम्पो उभा असल्याचा आवाज येत होता.

“पाटणकर काका गेले वाटतं,” तांबट म्हणाले. आवाज फार वरून येत होता.

“मी आहे,” मी म्हणालो.

“घुमतंय किती,” बाई म्हणाली. “आमचं सामान आलं की नाही घुमणार. हे खेळणं कुणाचं?”

“राहिलं असेल. दार पूर्ण उघडा हो, कपाट यायचंय.”

दार पूर्ण उघडलं. बाहेर जिना होता. आमच्या दाराला उंबरा नाही, कुंदाने किती वेळा सांगितलं होतं बसवून घ्या म्हणून. दोन हमाल कपाट घेऊन वर येत होते, आणि त्यांच्या प्रत्येक पावलाला फरशी हलत होती.

ड्रायव्हर आला नव्हता. आता इथे थांबण्यात अर्थ नव्हता. आत बसून थांबावं म्हणून मी पायरीवर चढलो. डावीकडचं दार उघडलं, खिडकीपाशी बसलो, घड्याळ मांडीवर घेतलं, जसा हिंगोलीला बसलो होतो, जसा नंदुरबारला बसलो होतो. घड्याळ नीट मावेना. माझ्यापुढे स्टिअरिंग होतं.

हमालांनी कपाट टेकवलं. सगळी फरशी थरारली, आणि खाली एकापाठोपाठ एक लिंबं फुटल्याचा आवाज आला. गाडी हलली. मी घड्याळ बाजूच्या सीटवर ठेवून दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. ते जरासुद्धा फिरलं नाही. काम पक्कं झालं होतं. पायाखाली चाचपलं, ब्रेक होता, पण तो फरशीला जोडून एकाच तुकड्यात आलेला भाग होता. मागे लाल दोरा कुरकुरला आणि सगळं घर पुढे सरकलं.

मी काच हाताने पुसली. धुकं तसंच राहिलं. त्याच्यापलीकडे, दाराबाहेर, जिना सुरू होतो त्याच्या अलीकडे, कुणीतरी डोक्यावर पदर घेऊन आणि हात वर करून रस्त्याच्या अगदी मधोमध उभं होतं. एवढ्या लांबूनही मला कळलं, माप बरोबर होतं. गाडीने वेग घेतला.